ड्रॉइंगप्रमाणे खंदक

देशावर संकट आलं की माणसाची खरी किंमत कळते. माझी पासष्टच्या लढाईत कळली. जबलपूरच्या संरक्षणासाठी मी स्वतःच्या हातांनी जे काम केलं, ते एका जाणकार माणसाने गुडघ्यावर बसून, चष्मा पुसून, बारकाईने तपासलं आणि त्यावर पांढऱ्या खडूने फुली मारली. फुली म्हणजे रिजेक्ट.

मी जबलपूरचं संरक्षण करायला गेलो नव्हतो. भेडाघाटचे संगमरवरी कडे बघायला गेलो होतो. तेव्हा पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवायची माझी नोकरी होती आणि दहा दिवसांची रजा साठली होती. जबलपूरला उतरायला घर होतं ते आतेभावाच्या साडूचं. पुण्यात इतक्या नात्यावर मी कोणाला किती वाजले तेही विचारलं नसतं. इथे इतक्याच नात्यावर मला घ्यायला स्टेशनवर दोन सायकली आल्या होत्या, एक माझ्यासाठी आणि एक माझ्या ट्रंकेसाठी.

आतेभावाचे साडू तोफांच्या सरकारी फॅक्टरीत एक्झामिनर होते. मी त्यांना काका म्हणू लागलो. काका स्वतः काही बनवत नसत. इतरांनी बनवलेलं ते मोजत. फॅक्टरीत प्रत्येक वस्तूचं एक ड्रॉइंग असतं, त्यावर माप असतं, आणि मापाशेजारी ते किती कमी-जास्त झालेलं चालेल हेही लिहिलेलं असतं. त्या हद्दीत असेल तर पास. हद्दीच्या केसभर बाहेर असेल तर फुली. बावीस वर्षांत काकांनी हद्दीबाहेरचा एक तुकडा पास केला नव्हता. सख्ख्या मेहुण्याच्या हातचा अख्खा लॉट त्यांनी त्याच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात परत पाठवला होता, आणि मेहुण्याने लग्नात त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं. अशा गोष्टी त्या गल्लीत अभिमानाने सांगत. घरात मात्र त्यांची तपासणी चालत नसे. काकूंनी लग्नानंतर पहिल्याच पोळीला हा विषय कायमचा मिटवला होता.

क्वार्टर्सची ती गल्ली लहान होती. समोरासमोर चार-चार घरं, मागे सगळ्यांचं मिळून एक मोकळं अंगण. बहुतेक घरं मराठी, त्यातली काही तीन-चार पिढ्या तिथलीच. पुण्याला ती मंडळी 'देश' म्हणत. देशावरून पाहुणा आला आहे ही बातमी माझी ट्रंक सायकलीवरून उतरायच्या आत शेवटच्या घरापर्यंत पोचली होती. पहिल्या सकाळी मी चार घरी पोहे खाल्ले, दोन घरी खोव्याची काळी जिलबी खाल्ली आणि एका घरी नुसतं बसून बोललो, कारण त्या घरच्या म्हाताऱ्या आजोबांना देशावरची मराठी ऐकायची होती. मी बोलत होतो आणि ते डोळे मिटून मान हलवत होते. काय बोललो ते त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या नाती दारात उभ्या राहून हसत होत्या. माझं सगळं त्यांना समजत होतं आणि उत्तरं त्या हिंदीत देत होत्या.

पण गल्लीचं खरं चुलाण मावशींच्या घरी होतं. मावशी कोणाच्या मावशी होत्या हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्यांच्याच होत्या. त्यांचे यजमान फॅक्टरीत घणावर होते, अंगाने काटकुळे आणि त्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे कानाने अर्धे. मावशी मात्र सगळ्या बाजूंनी भरपूर. त्या चालत आल्या की अंगणातलं वाळवण स्वतःहून बाजूला होतंय असं वाटे. ज्याची बायको माहेरी, जो एकटा, जो आजारी, त्याच्या दारात दोन्ही वेळा मावशींचा डबा. माझं ताट पहिल्या दिवशी त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहुणे, पुण्यात लोक जेवतात की फक्त जेवणाबद्दल बोलतात जी?" त्यानंतर मी जबलपुरात होतो तोवर माझं ताट त्यांनी मला कधी रिकामं दिसू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी लढाई सुरू झाली. मी परतीची चौकशी करायला निघालो तर काकांनी सायकलीचं हँडल धरलं.

"काहून जाता? गाड्या साऱ्या फौजेच्या चालून राहिल्या. बसा आरामात."

मी तरी स्टेशनवर गेलो. तिकिटाच्या खिडकीतला माणूस फार सौजन्याने म्हणाला की गाड्या आहेत, पण माझ्या नाहीत. मी कॉलेजला तार केली आणि परत येऊन काकूंना सांगितलं की मला बहुधा आठवडाभर राहावं लागेल. काकूंना इतका आनंद झाला की मला लढाईबद्दल वाईट वाटायचं राहून गेलं.

लढाईने त्या गल्लीत कोणी घाबरलेलं मी पाहिलं नाही. एक प्रकारची नशा सगळ्यांना चढलेली होती. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या सुरू झाल्या. माणसं थकून येत, आंघोळ करत आणि मग झोपायचं सोडून अंगणात बसून फिदीफिदी हसत. फॅक्टरीचा भोंगा, ज्यावर आजवर सगळ्या गावाचा चहा, शाळा आणि भांडणं चालत, तो आता फक्त हवाई हल्ल्यासाठी राखून ठेवला होता. त्यामुळे कोणालाच वेळेचा अंदाज राहिला नव्हता. लोक दुपारी दोनला दात घासत. एक गृहस्थ चुकून सुट्टीच्या दिवशी कामावर गेले आणि त्यांना काम मिळालं.

आमच्या गल्लीला नागरी संरक्षणाचे एक वॉर्डनही मिळाले. ते एरवी एका कचेरीत मोठे कारकून होते, लढाईने त्यांना दंडावर पट्टी, डोक्यावर लोखंडी टोप आणि गळ्यात शिट्टी दिली होती. टोप त्यांना मोठा होता, म्हणून मान हलवायची झाली की आधी मान हले आणि मग टोप. मी इतिहासाची पुस्तकं बरीच वाचली आहेत. सत्तेचा माणसावर काय परिणाम होतो ते त्यात पानोपानी लिहिलेलं असतं. शिट्टीचा होतो तेवढा कुठे लिहिलेला आठवत नाही.

एके सकाळी वॉर्डननी तीन वेळा शिट्टी वाजवली आणि हुकूम वाचून दाखवला. प्रत्येक गल्लीने एक खंदक खणायचा. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी मोठे साहेब जीपमधून तपासणीला येतील. हुकुमाबरोबर एक कागद होता, स्टेन्सिलवर काढलेला. त्यावर खंदकाची आकृती होती, मध्ये कोपरा दिलेला, लांबी इतकी, खोली साडेचार फूट, रुंदी पावणेदोन फूट.

इतर कुठल्याही गावात लोकांनी हा कागद खिशात घातला असता आणि फावडी घेतली असती. आमच्या गल्लीत एक टर्नर होते, दोन फिटर होते, टूलरूममधले एक होते आणि काका होते. कागद हातोहात फिरला. शेवटी काकांनी तो उजेडाकडे धरला आणि वॉर्डनना हिंदीत अदबीने विचारलं की यात कमी-जास्त किती चालेल ते लिहिलेलं नाही, ते कुठे मिळेल.

वॉर्डन म्हणाले, "गड्ढा है, भाई साहब. घड़ी थोड़े ही है."

काका घरात निघून गेले. त्यांना कोणी शिवी दिली असती तर ते बाहेर थांबले असते.

संध्याकाळी गल्लीची सभा भरली आणि दोन तासांच्या चर्चेनंतर ठरलं की कागद गप्प असला तरी आपण पाव इंचाची हद्द धरायची. मग गोहलपूरच्या ओळखीच्या सुताराकडून सागवानी लाकडाच्या दोन पट्ट्या करून आणल्या. हे त्यांचं गेज. एक पट्टी पावणेदोन फुटांना पाव इंच कमी, दुसरी पाव इंच जास्त. पहिली खंदकात आडवी बसलीच पाहिजे, दुसरी बसताच कामा नये. पहिली अडली तर खंदक अरुंद, दुसरी शिरली तर रुंद. दोन्ही पट्ट्या काकूंनी जुन्या मऊ धोतरात गुंडाळून कपाटात ठेवल्या. त्याच कपाटात त्यांचे दागिने होते, पण ते नुसते डब्यात होते.

खणायचं कोणी, हा प्रश्न लगेच सुटला. गावात दिवसा रिकामा असलेला धडधाकट पुरुष मी एकटा होतो.

पावसाने फुगलेली काळी माती, तिच्याखाली मुरूम, आणि आयुष्यात जड वस्तू म्हणून फक्त बांधीव मासिकं उचललेले माझे हात. मी सकाळी खणायचो. पाळी संपवून मंडळी येत, फावडी घेत आणि माझ्या दुप्पट काम माझ्या निम्म्या वेळात करत. पण त्याआधी काका येत. कपाटातून गेज निघे, धोतर उलगडे, काका गुडघ्यावर बसत. पहिल्या दिवशी मी खणलेल्या भिंतीवर त्यांनी सहा फुल्या मारल्या. मी म्हटलं, काका, ही माती आहे, उद्या पाऊस आला की फुल्यांसकट वाहून जाईल. काका म्हणाले, वाहून जाईल ते पावसाचं काम, त्याला मी सही करत नाही.

पाचव्या दिवशी माझा एक कोपरा पास झाला. खोटं कशाला सांगू, पदवी मिळाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं नव्हतं. मावशींनी त्या कोपऱ्याच्या नावाने शिरा केला. संध्याकाळी टूलरूमवाल्यांनी भिंतींवरून ओलं फडकं फिरवलं, फिटरांनी पायऱ्यांना ओळंबा लावला, आणि खंदक असा तयार झाला की बाजूच्या गल्लीतली माणसं बायकामुलांना घेऊन बघायला आली. चपला काढून आली. त्यांच्या गल्लीचा खंदक नुसता खड्डा होता आणि त्यात एका म्हशीने आधीच मुक्काम केला होता.

बुधवारी दुपारी, पाळी सुटल्यावर, रंगीत तालीम ठरली. वॉर्डन शिट्टी वाजवणार आणि सगळ्यांनी ओळीने खंदकात उतरायचं. शिट्टी वाजली. आजोबा उतरले, नाती उतरल्या, काकू उतरल्या, फिटर, टर्नर, मी. मावशी हसत-हसत, पदर खोचून, पहिली पायरी उतरल्या, दुसरी उतरल्या, आणि थांबल्या.

खंदक ड्रॉइंगप्रमाणे होता. मावशी नव्हत्या.

त्यांनी एकदा आडवं होऊन पाहिलं. मग दुसरीकडून. वॉर्डन वरून म्हणाले, जरा दम रोकिए, बहनजी. मावशींनी श्वास रोखला, त्याने काही झालं नाही, मग त्यांनी तो सोडला आणि त्याबरोबर जे हसू सोडलं ते सगळ्या खंदकात पसरलं. आम्ही सगळे हसलो. हसणाऱ्यांत मीही होतो, हे मला लिहायला आवडत नाही. मावशी पायऱ्या चढून वर गेल्या. अंगणाच्या कडेला उभं राहून त्यांनी पदर नीट केला आणि काकांकडे पाहिलं. आता त्या हसत नव्हत्या.

"भाऊजी, गेज तुमचं बरोबर आहे. पीसच रिजेक्ट आहे. मारा खडू."

आणि त्या घरात गेल्या. त्यांच्या यजमानांना शिट्टी ऐकू आली नव्हती. ते आपले ओट्यावर बिडी ओढत बसले होते. बायको आत गेली तशी त्यांनी बिडी विझवली आणि तेही आत गेले.

त्या संध्याकाळी मावशींचा डबा कोणाच्या दारात आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, भाजी नेहमीसारखी होती, मावशींनी विनोदही नेहमीसारखे केले. फक्त काकूंना त्या हळूच सांगून गेल्या की भोंगा वाजला तर मी स्वयंपाकघरात बसेन, चुलीपाशी, माझी काळजी करू नका. आणि यजमानही म्हणतात की तेही तिथेच बसतील. काकूंनी हे काकांना ताट वाढताना सांगितलं. काकांनी पोळी मोडली आणि तशीच हातात धरून बसले.

आता सरळ माणसाला वाटेल की एक फावडं घ्यायचं आणि खंदक रुंद करायचा. मला तसंच वाटलं आणि मी ते बोललो. अंगणात बसलेल्या चार-पाच जणांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी ग्रंथालयात येऊन पुस्तक फाडलं होतं. टर्नरनी मला समजावून सांगितलं. ड्रॉइंगच्या बाहेर जायचं म्हणजे कोणीही उठून जायचं नसतं. आज खंदक गेला, उद्या तोफेची नळी जाईल. मग फॅक्टरीत असं काही अडलं तर काय करतात, असं मी विचारलं. अर्ज करतात, ते म्हणाले. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याच्याकडे अर्ज करायचा की अमुक तुकड्यापुरती सवलत द्या. त्याने सही केली की मग खुशाल करा.

अर्ज लिहायचं काम अर्थातच पुस्तकवाल्याकडे आलं. मी माझ्या आयुष्यातलं सर्वात गंभीर इंग्रजी त्या अर्जात लिहिलं. पण त्यात नेमकं माप द्यावं लागत होतं आणि माप घ्यायचं कोणाचं आणि कोणी, यावर सगळे पुरुष एकदम आभाळाकडे बघू लागले. काकू उठल्या. सुतळीचा एक तुकडा घेऊन त्या मावशींच्या घरात गेल्या, दहा मिनिटांनी तो तुकडा योग्य लांबीला कापून बाहेर आणला आणि काकांच्या हातावर ठेवला. आकडा मावशींनी विचारला नव्हता, काकूंनी सांगितला नव्हता. काकांनी एकटं बसून सुतळी मोजली आणि मला फक्त फरक सांगितला. नऊ इंच. चार फूट लांबीपुरते. सुतळी त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली, फॅक्टरीच्या पासाच्या मागे.

अर्जात कारण लिहायचा रकाना होता. मी तिथे 'स्थानिक परिस्थिती' असं लिहिलं.

वॉर्डननी अर्ज आधी झिडकारला. मग त्यांच्या लक्षात आलं की अर्ज पुढे पाठवायचा तर त्यावर वॉर्डनची शिफारस लागेल. त्यांनी टोप काढून ठेवला, तीन वेळा सह्या करून पाहिल्या आणि चौथी अर्जावर केली. शुक्रवारी सकाळी ते स्वतः सायकलीवरून सिविल लाइंसमधल्या कचेरीत अर्ज देऊन आले. तिथल्या बाबूने तो घेतला. वाचला का, असं आम्ही विचारलं. वॉर्डन म्हणाले, घेतला.

शुक्रवार गेला. शनिवारची दुपार आली. उत्तर नव्हतं आणि रविवारी साहेब येणार होते. काका पाळी करून आले, गेज काढून त्यांनी सगळा खंदक पुन्हा तपासला. सगळा पास होता. तपासून झाल्यावर ते वर येईनात. पायऱ्यांलगतच्या कोपऱ्यात उभे राहिले, जिथे मावशी बसल्या असत्या तिथे.

चार वाजता भोंगा वाजला.

वॉर्डनची शिट्टी नव्हे, फॅक्टरीचा भोंगा, चढता-उतरता, जो इतक्या दिवसांत एकदाही वाजला नव्हता. गल्ली एका क्षणात अंगणात आली आणि दुसऱ्या क्षणात खंदकात. तालमीसारखं ओळीने कोणी उतरलं नाही. आजोबा कोणाच्या खांद्यावरून आले ते त्यांनाही कळलं नाही. मी टर्नर आणि एका फिटरच्या मध्ये बसलो होतो आणि तिघांची हृदयं मला वेगवेगळी ऐकू येत होती.

खंदकाच्या काठावरून मावशींचा ओटा दिसत होता. मावशी दारात बसून मेथी निवडत होत्या. शेजारी यजमान बसले होते आणि देठ वेगळे करत होते. बहुधा त्यांना भोंगा ऐकू आला नव्हता. बहुधा आला होता. मावशींनी आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळे डोकी वर काढून त्यांच्याकडे बघत होतो.

"नीट बसा जी," त्या ओरडल्या. "अंग घासू नका. ड्रॉइंग खराब होईल."

कोणी हसलं नाही.

मग काका उठले. आमच्या पायांवरून, खांद्यांवरून वाट काढत ते पायऱ्यांशी गेले आणि वर चढले. वॉर्डन खंदकातून शिट्टी वाजवू लागले, पण बसून वाजवल्यामुळे तिच्यात दम नव्हता. काका अंगणातून चालत मावशींच्या ओट्यापर्यंत गेले. काय बोलले ते आम्हाला ऐकू आलं नाही. ते तिथून वळले, भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि परत आले. खिशातून सुतळी काढून त्यांनी खंदकाच्या कोपऱ्यावर आडवी धरली आणि खडूने जागेवर खूण केली. वरून त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आवाज अगदी साधा होता, पण टर्नरनी माझा दंड धरला तो नंतर दोन दिवस दुखत होता.

"ड्रॉइंग चुकलं आहे," काका म्हणाले.

आणि बावीस वर्षांत कोणतीही चीज बिघडवायला न उचललेल्या हाताने त्यांनी स्वतः पास केलेल्या भिंतीवर पहिला घाव घातला.

पुढचं सगळं मला गोंधळात आठवतं आणि त्यात मी फार आनंदात होतो एवढं नक्की आठवतं. फिटर उठले, टर्नर उठले, मी उठलो. आतून खणायला फावडं फिरेना तेव्हा कोणी तवा घेतला, कोणी उलथनं. नाती ओंजळीने माती बाहेर फेकत होत्या, ती वॉर्डनच्या टोपावर पडत होती आणि टोपातून आवाज येत होता, "अरे, हवाई हमला है, हवाई हमला!" आजोबा देशावरच्या शुद्ध मराठीत सूचना देत होते. मधेच भोंगा थांबला आणि धोका संपल्याचा लांबलचक सूर वाजला. कोणी थांबलं नाही. काकूंनी वर येऊन एवढंच बघितलं की चार फुटांच्या पुढे एक बोटही कोणी जात नाही.

झालं तेव्हा काकांनी सुतळी लावली. बरोबर बसली. मग ते मावशींच्या दाराशी गेले आणि जरा बाजूला उभे राहिले, फॅक्टरीत साहेबाला वाट देतात तसे. मावशींनी मेथीचं ताट यजमानांच्या मांडीवर दिलं. त्या आल्या, पायऱ्यांशी वर थोडी तासलेली जागा होती तिथून उतरल्या, कोपऱ्यात गेल्या, बसल्या आणि दोन्ही बाजूंना हात लावून बघितला.

"भाऊजी," मग त्या म्हणाल्या, "पाठीला जरा ओलं लागून राहिलं. बाकी घर छान आहे."

काकांनी खडू काढला आणि त्या कोपऱ्याच्या भिंतीवर पासची खूण केली.

त्यानंतर मावशींना वर काढायला अर्धा तास लागला, पण त्या दिवशी कोणालाही कसलीच घाई नव्हती. भोंगा, नंतर कळलं, तेल घातल्यावर वाजतो की नाही ते बघायला वाजवला होता.

रविवारी साहेब आले. काका इस्त्रीचे कपडे घालून, गेज हातात घेऊन, अंगणात सावधान उभे होते. त्यांनी रात्रीच ठरवलं होतं की स्वतःहून सांगायचं: चार फूट लांबीत नऊ इंच जास्त, सवलतीचा अर्ज प्रलंबित, जबाबदारी माझी. यासाठी त्यांना काय होऊ शकेल हे त्यांनी काकूंना सांगितलं होतं आणि काकूंनी त्यांना इस्त्री करून दिली होती. जीप थांबली. साहेबांनी इंजिन बंद केलं नाही. त्यांनी खंदकाकडे पाहिलं. काका एक पाऊल पुढे झाले आणि म्हणाले, साहेब, रुंदीबद्दल सांगायचं आहे. साहेबांनी विचारलं की यात म्हैस तर नाही ना. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "व्हेरी गुड," आणि जीप पुढच्या गल्लीत गेली.

काकांनी गेज पुन्हा धोतरात गुंडाळलं. रुंदीबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही.

लढाई थांबली आणि तिसऱ्या दिवशी माझी गाडी मिळाली. मला पोचवायला सगळी गल्ली स्टेशनवर आली. मावशींनी इतकं बांधून दिलं की इटारसीपर्यंत डबा मी सहप्रवाशांत वाटत होतो. पुण्याला पोचल्यावर कॉलेजने माझे रजेवरचे पंधरा दिवस बिनपगारी केले आणि त्याबद्दल मला अजूनही तक्रार नाही.

महिनाभराने काकांचं पत्र आलं. खुशाली होती, पावसाचं होतं. शेवटी लिहिलं होतं की अर्जाचं उत्तर आलं नाही, पण मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डन नवीन ड्रॉइंग देऊन गेले. आधीच्या कागदावर माप चुकीचं पडलं होतं. खंदकाची रुंदी सव्वादोन फुटांपेक्षा कमी असू नये. काकांनी नव्या मापाच्या पट्ट्या करून सगळा खंदक पुन्हा तपासला होता. मावशींची जागा पास होती. बाकीच्या खंदकावर, माझ्या कोपऱ्यासकट, त्यांनी फुल्या मारल्या होत्या, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून तो बुजवला.